कोळ्याने गोष्टींची किंमत मोजली, आपण नावही देत नाही : मराठी बालसाहित्याच्या प्रकाशक-संपादकांना खुलं पत्र

मराठी बालसाहित्याचे प्रकाशक, संपादक आणि वृत्तपत्रांच्या मुलांसाठीच्या पुरवण्या काढणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकाच संपादकांना जायचं होतं. त्यांना ते गेलंही. उत्तर आलं, त्यावर माझं उत्तर गेलं आणि मग बोलणं थांबलं. विषय मात्र थांबण्यासारखा नाही, म्हणून आता तुम्हा सर्वांना, सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. त्या संस्थेचं नाव घेणार नाही. घेतलं तर वाद तिच्यापुरताच राहील. आमच्या बालवाचनालयाच्या कपाटातली ‘आफ्रिकेच्या गोष्टी’ छापाची पुस्तकं एकेक करून चाळल्यावर माझी खात्री झाली आहे की ही खोड एका घरची नाही.

झालं असं की, पश्चिम आफ्रिकेतल्या उत्पत्तिकथांचं एक हस्तलिखित मी तयार केलं होतं. जमीन कशी झाली, आकाश वर का गेलं, सूर्य-चंद्र तिथे कसे पोचले, कासवाच्या पाठीवर भेगा का, मुळात गोष्टी माणसांकडे आल्या कुठून, अशा कथा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं घानात होतो, आधी टेमा बंदरात आणि नंतर कुमासीला. यातल्या काही तिथे शेजारच्या आजींच्या तोंडून ऐकल्या, बाकीच्या नंतर छापील संग्रहांतून वाचल्या. संपादकांना हस्तलिखित आवडलं, मानधनही ठरलं. मग दुरुस्त्यांची यादी आली. देवांची, माणसांची, गावांची नावं काढा, मुलांना ती जड जातात. प्रत्येक कथेच्या डोक्यावर ‘असांते, घाना’, ‘योरुबा, नायजेरिया’ असं लिहिलं आहे तेही नको, मुखपृष्ठावर ‘आफ्रिका’ असणार आहे तेवढं पुरे. काही प्रसंग गाळा, काही बदला, शेवट गोड करा. मी हस्तलिखित परत मागून घेतलं.

माझ्या तक्रारी आता क्रमाने सांगते.

पहिली तक्रार नावांची, आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. असांते लोक घानाच्या दक्षिण-मध्य भागातले, मोठ्या अकान समाजातले. त्यांच्या गोष्टींना ते ‘अनान्सेसेम’ म्हणतात, म्हणजे अनान्सेच्या, जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या गोष्टी. मग ज्या गोष्टीत कोळी औषधालाही नाही तीसुद्धा कोळ्याची गोष्ट का? त्याचीही एक कथा आहे.

एके काळी सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या होत्या. क्वाकू अनान्से त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, विकत देतोस का? न्यामे म्हणाला, कोकोफू, बेक्वाई, असुमेग्या अशी थोर थोर गावं येऊन गेली, त्यांना परवडलं नाही, तुझी काय कथा? तरी त्याने किंमत सांगितली : ओनिनी अजगर, ओसेबो बिबट्या, म्मोबोरो गांधीलमाशा आणि म्मोआतिया ही रानातली परी. अनान्से म्हणाला, देतो, आणि वर माझी म्हातारी आई न्सिया हीसुद्धा देतो! (इथे आमच्याकडची मुलं हमखास ओरडतात. आईला कोण देतं?)

घरी येऊन त्याने बायकोला, आसोला विचारलं. आसो म्हणाली, ताडाची झावळी तोड, वेल आण. अनान्से ओढ्याकाठी जाऊन स्वतःशीच भांडत बसला : “त्याच्याहून लांब आहे.” “खोटं, त्याच्याएवढी नाही.” अजगराने कुतूहलाने विचारलं, मोजून घ्यायला म्हणून झावळीला लागून आडवा झाला, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत बांधला गेला. गांधीलमाशांसाठी आसोने भोपळा सुचवला, पाण्याने भरलेला. अनान्सेने निम्मं पाणी माशांवर ओतलं, निम्मं स्वतःवर, डोक्यावर केळीचं पान धरलं आणि म्हणाला, पाऊस आला, माझ्या भोपळ्यात शिरा. बिबट्याच्या वाटेवर खड्डा खणायचा हेही आसोचंच. परीसाठी अनान्सेने लाकडाची बाहुली केली, तिला झाडाचा चीक फासला, हातात कुस्करलेला याम कंद ठेवला आणि ओडुम वृक्षाखाली बसवली. परीने कंद खाल्ला, आभार मानले, बाहुली बोलेना म्हणून तिच्या थोबाडीत मारली, आणि हात चिकटला. दुसरा हात, मग पाय.

ही सगळी वरात न्यामेपुढे आल्यावर त्याने आपले सरदार-मानकरी जमवले आणि दरबारात जाहीर केलं की मोठमोठे राजे येऊन हात हलवत परत गेले, कोळ्याने किंमत चुकती केली. आजपासून या गोष्टी कोळ्याच्या.

कोकोफू आणि बेक्वाई ही काल्पनिक नावं नाहीत. कुमासीच्या आसपासची खरी संस्थानं आहेत, असांते राज्यातली वजनदार गावं. आकाशातला दरबारही हुबेहूब असांते दरबार आहे. म्हणजे सत्तावान गावांना जे जमलं नाही ते एका हडकुळ्या कोळ्याने आणि त्याच्या बायकोने केलं, ही त्या कथेतली थट्टा आहे, आणि ती ऐकणाऱ्याच्या शेजारच्या गावावर आहे. ‘पुष्कळ राजे आले’ असं लिहिलं की थट्टा मेली. आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश सरकारी मानववंशशास्त्रज्ञाने १९३० साली ही कथा आपल्या संग्रहात छापली तेव्हा एका पानावर मूळ त्वी भाषा आणि समोर इंग्रजी, अशी मांडणी केली. गावांची नावं होती तशी ठेवली. वसाहतीच्या नोकराने जे राखलं ते आपण पुसायचं का?

क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला मुलगा. अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं : शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, बुधवारची मुलगी अकुआ, शनिवारची अमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे वार तुम्हाला आता कळले. वाचनालयात हे सांगितल्यावर मुलांनी घरी फोन लावून स्वतःचे वार विचारले आणि पुढे कितीतरी दिवस एकमेकांना याच नावांनी हाका मारल्या. मुलांना नावं जड जातात म्हणे. जी पोरं एम्बापेचं नाव झोपेतही अचूक घेतात, त्यांना अनान्से जड जातो?

अजून एक. हा अनान्से गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेला. जमैकात तो अनान्सी झाला, कुरासाओत नान्झी, सुरीनामात तर गोष्टींना अजून ‘अनान्सितोरी’ म्हणतात. साखळदंडात नेलेल्या माणसांची स्वतःची नावं मळेवाल्यांनी बदलून टाकली, पण कोळ्याचं नाव त्यांनी तोंडातोंडी जपलं. ते नाव जहाजांतून वाचलं आणि आपल्या लाल पेनातून वाचत नाही.

दुसरी तक्रार गाळण्याची आणि बदलण्याची. मला आलेल्या यादीत आसो गाळायची होती. कारण दिलं होतं, ‘कथेचा वेग’. मान्य आहे, नवरा-बायकोचा सल्लामसलतीचा संवाद काढला की दोन परिच्छेद वाचतात. मग उरतो एकटा हुशार नायक, आणि असे आपल्याकडे आधीच ढिगाने आहेत. त्या गोष्टीत अक्कल बायकोची आणि अंमलबजावणी नवऱ्याची आहे, ऐकणाऱ्या बायका तिथेच हसतात. कुमासीला आमच्या शेजारच्या आजी आसोचं वाक्य आलं की आवाज बदलायच्या.

सूर्य-चंद्राची गोष्ट दक्षिण नायजेरियातली. एल्फिन्स्टन डेरेल नावाच्या जिल्हाधिकाऱ्याने ती १९१० साली छापली. सूर्य आणि पाणी जिवलग मित्र. सूर्य नेहमी पाण्याकडे जाई, पाणी कधी येत नसे. विचारल्यावर पाणी म्हणालं, माझी माणसं फार, तुझं घर पुरायचं नाही. सूर्याने बायकोच्या, म्हणजे चंद्राच्या कानावर घालून ऐसपैस आवार बांधलं. पाणी आलं, मासे आणि सगळे जलचर घेऊन आलं. गुडघाभर झाल्यावर विचारलं, अजून येऊ का? यजमान हो म्हणाले. पुरुषभर झाल्यावर पुन्हा विचारलं. यजमान पुन्हा हो म्हणाले. शेवटी दोघं छपरावर चढली, पाणी छपरावरून वाहायला लागलं, आणि दोघांना आकाशात जावं लागलं. पाहुण्याला नाही म्हणता न येणाऱ्या घरातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे चंद्र मामा आहे म्हणून तो सूर्याची बायको नको, ‘दोन भाऊ’ करा, अशी सूचना आली. पाहुणा आल्यावर ‘चालेल ना?’ असं एकमेकांकडे बघणारे नवरा-बायको गेले तर त्या कथेत राहतं काय? शिवाय चंद्र कुठेतरी बाई असू शकतो, हे कळून मराठी मुलाचं काय बिघडणार आहे? उलट तेवढ्यासाठीच तर परक्या गोष्टी वाचायच्या.

तिसरं उदाहरण ताडीचं. योरुबा कथेत खाली सगळं पाणीच पाणी होतं. ओलोदुमारे या सर्वोच्च देवाने ओबाताला या देवाला जमीन करायला पाठवलं. बरोबर साखळी, गोगलगाईच्या शंखात भरलेली माती, पाच बोटांचा कोंबडा. वाटेत ओबाताला ताडी प्याला आणि झोपला. ओदुदुवा या दुसऱ्या देवाने ते सामान उचललं, साखळीने खाली उतरून माती पाण्यावर टाकली, कोंबड्याने ती उकरून चहूकडे पसरली. ती जागा इले-इफे, आजही नैर्ऋत्य नायजेरियात आहे, आणि तिथला राजा, ऊनी, आपली परंपरा ओदुदुवापासून सांगतो. ओबाताला आणि ओदुदुवा यांच्या या चढाओढीत इतिहासकार इफेचे जुने रहिवासी आणि नवे सत्ताधारी यांच्यातला संघर्ष वाचतात. पुढे ओबातालाला माणसांचे देह घडवायचं काम मिळालं. तेव्हाही ताडीच्या नशेत त्याच्या हातून काही देह वेगळे घडले. म्हणून अपंग माणसं ओबातालाची खास, त्याच्या छत्राखालची, त्यांची टवाळी करायची नाही. आणि म्हणूनच त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत.

यादीत ताडीचा ‘फळांचा गोड रस’ झाला होता. गोड रस पिऊन देव झोपला आणि म्हणून भक्तांनी गोड रस वर्ज्य केला! कोकणात ज्यांच्या दारात माडी उतरते त्यांच्या पोरांपासून आपण ताडी लपवतो आहोत. दारूपायी हातून चूक झाली आणि त्या चुकीची जबाबदारी देवाने स्वतःवर घेतली, याहून संस्कारक्षम कथा मला तरी माहीत नाही. संस्कार हा शब्द तुम्हाला आवडतो म्हणून वापरते.

गोड शेवटांबद्दल थोडक्यात. अकान कथेत एक म्हातारी फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटताना मुसळ आकाशदेवाला लागायचं, म्हणून तो कंटाळून उंच गेला. तिने गावातली उखळं एकावर एक रचायला लावली, एक कमी पडलं, तेव्हा म्हणाली खालचं काढून वर ठेवा. मनोरा कोसळतो आणि माणसं दगावतात. ‘सगळे खो खो हसू लागले’ हा यादीतला शेवट माझा नाही, अकान लोकांचाही नाही. सोनिंके लोकांच्या वागादू राज्याच्या कथेत दर वर्षी एका मुलीचा बळी घेणारा बिदा नाग तिच्या प्रियकराकडून मारला जातो. मुलगी वाचते, पण नागाच्या शापाने पाऊस आटतो, सोनं दूर जातं आणि राज्य ओस पडतं. मुलगी वाचली इथे पूर्णविराम दिला तर दुष्काळाची कथा लग्नाची होते.

तिसरी तक्रार. गोष्टीची सुरुवात आणि शेवट तुम्ही ‘निरर्थक’ म्हणून कापता. असांते कथनाची रीत अशी : सुरुवातीला सांगणारा म्हणतो, आम्ही खरं म्हणत नाही, खरं म्हणत नाही. शेवटी म्हणतो, ही माझी गोष्ट मी सांगितली, गोड असो नसो, थोडी दुसरीकडे न्या, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. हौसा भाषेत कथेकरी म्हणतो, ‘गा ता, गा ता नान’, ही बघा आली. ऐकणारे म्हणतात, येऊ दे, ऐकूया. योरुबा कथेकरी ‘आलो ओ!’ अशी हाक देतो आणि पोरं ‘आलो!’ म्हणून ती परत करतात. मधे गाणी असतात. अकान बैठकीत तर ऐकणारा मध्येच सांगणाऱ्याला थांबवून स्वतः गाणं उचलतो, त्याला म्मोगुओ म्हणतात. कंटाळवाण्या निवेदकाला आवरायलाही त्याचा उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

‘ऐका शुक्रवारा तुमची कहाणी’ काढून आणि ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ कापून तुम्ही श्रावणातल्या कहाण्या छापाल का? वाचक दुसऱ्या दिवशी दारात येतील. तिथले लोक तुमच्या दारात येणार नाहीत, एवढाच फरक आहे.

चौथी तक्रार. सगळं एकाच टोपलीत घालून वर ‘जंगलातल्या मजेदार गोष्टी’ लिहायचं. तिथले लोक स्वतः असं करत नाहीत. बेनिनमधले, जुन्या दाहोमे राज्याचे, ‘फोन’ नावाचे लोक ‘ह्वेनोहो’ आणि ‘हेहो’ असे सरळ दोन भाग करतात : पहिल्यात देवांच्या, कुळांच्या, राज्यांच्या परंपरा येतात, दुसऱ्यात रंजनाच्या गोष्टी. योरुबांच्या कितीतरी उत्पत्तिकथा इफा या प्रश्नविद्येच्या पदांमधून येतात. इफाचे २५६ ओदू, म्हणजे अध्याय, प्रत्येकात पदांचा साठा, तो मुखोद्गत करणारे बाबालावो, म्हणजे इफाचे पुरोहित, वर्षानुवर्षं शिकतात. युनेस्कोने २००८ साली इफाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. ही पदं आणि कासवाची चावटपणाची गोष्ट दोन्ही छान आहेत, पण एका पंक्तीत बसत नाहीत.

आणि काही उत्पत्तिकथांसाठी रक्त सांडलं आहे. ओकोम्फो आनोक्ये या पुरोहिताने आकाशातून सुवर्णासन उतरवलं आणि ते ओसेई तुतूच्या मांडीवर येऊन टेकलं, त्यातून असांते राष्ट्र उभं राहिलं, अशी कथा आहे. त्या आसनाचं नाव सिका द्वा कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. त्यात सगळ्या असांत्यांचा प्राण आहे, म्हणून त्यावर राजाही बसत नाही. १९०० साली ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीला आला आणि ते आसन मला बसायला का दिलं नाही, असं जमलेल्या सरदारांना विचारता झाला. त्याला ती फक्त खुर्ची वाटली होती. एजिसू गावची राजमाता याआ असांतेवा ब्रिटिशांविरुद्ध युद्धाला उभी राहिली. असांते हरले, तिला सेशेल्सला हद्दपार केलं, तिथेच १९२१ साली ती वारली. आसन मात्र ब्रिटिशांच्या हाती लागलं नाही. असांत्यांनी ते लपवलं होतं. ही कथा ‘जादूची खुर्ची’ या शीर्षकाने परीकथांच्या मधे घालावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हॉजसनचं काय झालं ते एकदा वाचावं.

चित्रांबद्दल फार लिहीत नाही. कुमासीचा मुलूख दाट पावसाळी जंगलाचा. गोष्टीत बिबट्या, अजगर, गांधीलमाशा. मुखपृष्ठावर जिराफ! पश्चिम आफ्रिकेत रानातले जिराफ उरलेत ते नायजरमध्ये, पार उत्तरेला. आणि माणसांना गवताचे घागरे. असांत्यांच्या केंटे कापडाचे फोटो शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पुरवण्यांच्या संपादकांनी हा परिच्छेद आपल्यासाठी समजावा. दर काही महिन्यांनी कुठल्यातरी पुरवणीत मालीमधल्या डोगोन लोकांवर ‘रहस्य’ छापून येतं : व्याध ताऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा जोडीदार त्यांना पूर्वापार ठाऊक होता, म्हणजे परग्रहावरून कुणीतरी आलं असणार. या लेखांचं मूळ असं. मार्सेल ग्रिओल या फ्रेंच अभ्यासकाने १९४६ मध्ये ओगोतेमेली या अंध वृद्ध डोगोन शिकाऱ्याकडून सृष्टीच्या उत्पत्तीची विलक्षण कथा ऐकली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. व्याधाबद्दलचा लेख त्याने जर्मेन दितेर्लांबरोबर १९५० मध्ये लिहिला. परग्रहवासी त्यावर १९७६ मध्ये रॉबर्ट टेंपलच्या पुस्तकाने चढवले. वॉल्टर व्हान बीक हा डच मानववंशशास्त्रज्ञ डोगोनांमध्ये राहून काम करत होता. त्याने १९९१ मध्ये लिहिलं की ग्रिओलने वर्णिलेली ती ताऱ्यांची विद्या आपल्याला तिथे सापडली नाही. हा शेवटचा भाग तुमच्या रहस्यात कधी येत नाही. ओगोतेमेलीने सांगितलेली अम्मा देवाची आणि नोम्मो जुळ्यांची कथाही येत नाही. येते फक्त उडती तबकडी. एखाद्या समाजाला स्वतःची कल्पनाशक्ती असू शकते हे मान्य करणं एवढं कठीण आहे का?

आणि प्रस्तावना! ‘या सर्व कथा मूळच्या आपल्या पंचतंत्रातल्या’ हे वाक्य मला ज्या ज्या पुस्तकात दिसतं तिथे मी पेन्सिलीने फुली मारते. चिकट बाहुलीच्या कथेचं नातं काही अभ्यासकांनी पाली जातकातल्या पंचावुधकुमाराशी जोडलं आहे, हे खरं. त्यात अंगाला चिकटणारा यक्ष आहे आणि राजकुमार हात, पाय, डोकं असं करत चिकटत जातो. इतरांनी त्यावर वाद घातला, तो अभ्यासाचा विषय आहे. पण समजा धागा इकडून गेला असेल, तरी असांत्यांची बाहुली ही अकुआ-बाहुली आहे, मूल व्हावं म्हणून बायका पाठीला बांधतात ती. तिच्यापुढचा कंद तिथला, झाड तिथलं, परी तिथली. एका कल्पनेवरून साऱ्या खंडाच्या गोष्टींचा सातबारा आपल्या नावावर कसा होतो?

शेवटची तक्रार पुस्तकाच्या मागच्या पानाची. कथा कुणाची, कुणी सांगितली, कुणी टिपली, कुठल्या इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातून घेतली, याचा पत्ता नाही, आणि खाली छापलेलं असतं : ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. कसले हक्क? घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोकवाङ्मयाचे हक्क जनतेचे विश्वस्त म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे दिलेले आहेत आणि वापरासाठी परवानगीची तरतूद आहे. तिथल्याच कलावंतांनी त्यावर टीका केली, कारण आपल्याच आजीची गोष्ट वापरायला सरकारची परवानगी का, हा त्यांचा रास्त सवाल. तो कायदा पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला लागू होतो असं माझं म्हणणं नाही. पण ज्या गोष्टींच्या मालकीवर एक देश संसदेत बसून विचार करतो, त्या आपण बेवारस म्हणून उचलतो आणि वर स्वतःचं कुलूप लावतो, हे निदान ठाऊक असावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कथेसोबत समाजाचं, भाषेचं आणि देशाचं नाव छापा. कथा पुस्तकातून घेतली असेल तर संकलकाचं नाव आणि साल, आणि सांगणाऱ्याचं नाव नोंदलेलं असेल तर तेही. नावं मूळची ठेवा, हवं तर तळाशी उच्चार द्या. नाती, पेयं, मरणं बदलू नका; एखादी कथा त्या वयाला योग्य वाटत नसेल तर ती घेऊच नका, दुसऱ्या पुष्कळ आहेत. सुरुवातीच्या हाका, मधली गाणी, शेवटचे निरोप जाऊ देऊ नका. चित्रकाराला त्या मुलखाचे संदर्भ द्या, आणि परवडत असेल तर एखादं पुस्तक तिथल्या चित्रकाराकडून करून घ्या. घानात, नायजेरियात, सेनेगलमध्ये आज या कथा लिहिणारे हयात लेखक आहेत, त्यांची परवानगी आणि मानधन देऊन भाषांतरं करा. नुसत्या शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या संग्रहांवर किती दिवस भागवायचं? लोककथेवर सर्व हक्क सांगू नका, फार तर ‘या मराठी कथनाचे हक्क’ म्हणा. शालेय ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समित्यांनाही विनंती आहे, की परदेशी लोककथांच्या पुस्तकात उगमाची नोंद नसेल तर ते यादीत घेऊ नये.

तुमच्यापैकी कुणाला माझं म्हणणं चूक वाटत असेल तर जाहीर उत्तर द्यावं, मी ते वाचनालयाच्या फलकावर लावेन. बालदिनाला बरीच नवी पुस्तकं येतात, तेव्हा त्याआधी उत्तर आलं तर बरं. हस्तलिखित माझ्याकडेच आहे. ज्यांना ते हवं असेल त्यांनी कळवावं. मानधनावर बोलता येईल, आसोवर नाही.

आपली,
एका बालवाचनालयात गोष्टी सांगणारी,
सातारा